कॅचवेट, वजनाचा काटा आणि तोलामोलाची जोड

सातपूरकर (धागाकर्ता)

मंडळी, बॉक्सिंगवर इथे फारसं कुणी लिहीत नाही. तरी लिहितोय, कारण महिना होत आला, एक गोष्ट मनातून जात नाहीये.

माझी भाची पंधरा वर्षांची. सिडकोत राहते, तीन वर्षं बॉक्सिंग करते. मागच्या महिन्यात तिची स्पर्धा होती, ४८ किलोच्या गटात. पोरीचं रोजचं वजन ५० च्या आसपास. स्पर्धेच्या दिवशी पहाटे पाचला त्यांच्या बिल्डिंगखाली पोचलो तर ती पार्किंगमध्ये दोरीच्या उड्या मारत होती. अंगात दोन टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर पावसाळ्यातला रेनकोट. आदल्या दुपारपासून पाणी बंद. तोंडात चिंचेची गोळी, लाळ सुटावी म्हणून. आणि ती लाळ गिळायची नाही, बाटलीत थुंकायची. बाटली पाव भरली होती. मला म्हणाली, "मामा, बोलायला लावू नकोस, घसा चिकटतोय."

हॉलवर काट्यावर उभी राहिली तर ४८.२०. ताईने तिच्या केसांतले चाप काढले, कानातले काढले. ४८.१५. पुन्हा जिन्यावर वीस मिनिटं वर-खाली. ४७.९५. वहीत नोंद झाली आणि ती थेट नळाकडे पळाली. तिथे आणखी एक मुलगी ओंजळीने पाणी पीत होती, तशीच सुकलेली, ओठांची सालं निघालेली. तीन तासांनी ह्याच दोघी रिंगमध्ये समोरासमोर. दुसऱ्या राउंडला आमच्या पोरीचे पाय उचलेनात. हरली. त्याचं मला काही नाही. नंतर त्या मुलीच्या आईशी बोलणं झालं, तीही घरी पन्नासचीच!

म्हणजे पन्नास किलोच्या दोन मुलींनी अंगातलं दोन-दोन किलो पाणी काढलं आणि ४८ च्या गटात एकमेकींशीच लढल्या. काय साधलं?

तेव्हापासून व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या वजनांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलोय. तिथे १०५ पौंडांपासून हेवीवेटपर्यंत सतरा गट आहेत, एका संघटनेने २०२० मध्ये अठरावाही काढला. एवढे गट असूनही मोठ्या लढती बऱ्याचदा कॅचवेटला होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गटाची ठरलेली मर्यादा सोडून दोन्ही बाजूंनी करारात आपसात ठरवलेलं वजन म्हणजे कॅचवेट. वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.७ किलो. पण २००९ मध्ये मॅनी पॅकियाओ आणि मिगेल कोटो लढले ते १४५ ला. कोटो तेव्हा १४७ चा विजेता होता. किताबही पणाला लागला. स्वतःचाच किताब राखायला त्याला स्वतःच्या गटापेक्षा दोन पौंड खाली यावं लागलं. बाराव्या राउंडमध्ये लढत थांबवली गेली आणि पट्टा पॅकियाओकडे गेला.

ह्यात अन्याय आहे असं मला वाटतं. पण तो नेमका कुठे आहे ते नीट बोटावर धरता येत नाहीये. तुम्हा लोकांचं मत हवंय.

पहाटेचा प्रेक्षक

मामा, धागा काढलात ते फार बरं केलंत. भाचीचं वाचून पोटात तुटलं.

कोटोचं उदाहरण अर्धंच झालं, पुढचं सांगतो. २००९ मध्ये ज्याला खाली खेचलं तोच कोटो २०१४ ला सर्जिओ मार्टिनेझला हरवून मिडलवेटचा विजेता झाला. मिडलवेटची मर्यादा १६० पौंड. ती लढत १५९ ला झाली. पुढच्या वर्षी डॅनिएल गील त्याला आव्हान द्यायला आला तेव्हा करार १५७ चा. गील पूर्ण मिडलवेट माणूस, त्याला तीन पौंड आणखी उतरायला लावलं आणि चौथ्या राउंडमध्ये खेळ संपला.

कॅनेलो अल्वारेझचं तसंच. २०१३ मध्ये तेवीस वर्षांचा असताना मेवेदरने त्याला १५४ च्या ऐवजी १५२ ला लढवलं. हरला. मग कॅनेलो स्वतः मोठा झाला, तिकिटं त्याच्या नावावर खपायला लागली, आणि १५५ हे त्याचं घरचं वजन झालं. कोटोशी १५५, आमिर खानशी १५५. खान तर १४७ चा, तो वर चढून आला आणि सहाव्या राउंडला जो पडला तो बराच वेळ उठला नाही. २०१७ मध्ये चावेझ ज्युनिअरशी १६४.५, आणि चावेझ वजनात चुकला तर पौंडामागे दहा लाख डॉलर दंड.

माणसं बदलली, वागणूक तीच राहिली. ज्याच्या नावावर स्टेडियम भरतं तो आकडा सांगतो आणि दुसरा सही करतो.

देवळाली कॅम्प

थोडं वेगळं मत मांडतो.

कॅचवेट नसतं तर अर्ध्या मोठ्या लढती झाल्याच नसत्या. एक जण १४० चा, दुसरा १५४ चा. लोकांना दोघांना एकत्र बघायचंय. मधे कुठेतरी भेटल्याशिवाय कसं होणार? दोघं प्रौढ आहेत, वकील घेऊन बसतात, कोट्यवधी रुपये घेतात. करार वाचून सही केली, मग रडायचं कशाला?

शिवाय वजनच सगळं ठरवतं असंही नाही. सप्टेंबर २०२५ ची क्रॉफर्ड-कॅनेलो लढत इंदिरानगरला मित्राकडे आम्ही नऊ जणांनी रविवारी सकाळी बघितली. क्रॉफर्ड १५४ वरून थेट १६८ ला चढला. ना कॅचवेट, ना वजन वाढवण्यावर कसली अट. काट्यावर दोघंही १६७.५. आणि बारा राउंड त्याने कॅनेलोला शिकवणी दिली, तिन्ही पंचांनी त्याला जिंकवलं. हेवीवेटला तर वरची मर्यादाच नाही. २००९ मध्ये डेव्हिड हेने निकोलाय वालुएव्हला हरवलं तेव्हा दोघांत जवळजवळ शंभर पौंडांचा फरक होता. ४५ किलो!

पहाटेचा प्रेक्षक

@देवळाली कॅम्प, क्रॉफर्ड मीही बघितला, उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण एक क्रॉफर्ड वर आला म्हणून जिना सगळ्यांसाठी सोपा होत नाही. केल ब्रूक आठवतो का? २०१६ मध्ये १४७ वरून १६० ला गोलोव्हकिनशी लढायला गेला. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, पाचव्या राउंडला त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आला. आठ महिन्यांनी परत १४७ ला उतरून एरॉल स्पेन्सशी लढला तर दुसऱ्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. रॉय जोन्सचं तसंच. मार्च २००३ मध्ये अंग वाढवून हेवीवेटचा किताब घेतला, जॉन रुईझपेक्षा तीसेक पौंडांनी हलका असून. त्याच वर्षी परत १७५ ला उतरला आणि त्यानंतर तो पूर्वीचा जोन्स कधी दिसला नाही.

वर चढण्यापेक्षा खाली उतरणं जास्त महागात पडतं, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण. ऑस्कर डी ला होया २००८ मध्ये पॅकियाओसाठी १४७ ला उतरला. कागदावर तो मोठा. काट्यावर १४५ भरला. रिंगमध्ये त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं, आठव्या राउंडनंतर स्टुलावरून उठला नाही.

लाल माती

मी बॉक्सिंगवाला नाही, कुस्तीवाला. भगूरच्या बाजूचा. वयाच्या तिशीपर्यंत यात्रांचे आखाडे केले. सगळं वाचलं. खरं सांगतो, आमच्या मातीत काटा नव्हताच.

जत्रेच्या दिवशी दुपारी हलगी सुरू झाली की पैलवान कापडं काढून आखाड्याला फेरी मारायचे. पंच मंडळी मधे उभी. एकाचा हात धरायचे, त्याला घेऊन फिरायचे, दुसरा बघायचे, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचे. मान बघायची, खांदा बघायचा, मांडी बघायची. वय विचारायचं. कुठल्या तालमीचा, किती वर्षं माती अंगाला लागलीय, ते विचारायचं. मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि विचारायचं, "जोड मान्य?" वस्ताद कडेला उभा असायचा, त्याने मान हलवली तरच पुढे. "जमत नाही" म्हणायला कुणाला लाज नव्हती. लोकच ओरडायचे, "जोड लहान-मोठी आहे, सोडा!" मग दुसरी जोड बघायची.

तोलामोलाची जोड हा शब्द तिथला. किलो त्यातला एक भाग, सगळा नाही. दोन सारख्या वजनाची पोरं असली आणि एकाला दोन वर्षं जास्त खुराक मिळालेला असला तर आमचे वस्ताद ती जोड लावू देत नसत.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धसत्य होईल. इनाम मोठं असलं की गरीब घरचा पोरगा आपल्यापेक्षा दहा-बारा किलो जड माणसापुढेही उभा राहायचा. हो म्हणायचा. मी स्वतः म्हटलंय. सिन्नर तालुक्यात एका जत्रेत पाचशे रुपयांसाठी हो म्हटलं, कारण बहिणीचं लग्न तोंडावर होतं. बरगडीला तडा गेला, सहा महिने माती बंद. पंचांनी मला विचारलं होतं, मी "मान्य" म्हटलं होतं. तेव्हा देवळालीकर, सही केली म्हणजे मान्य, हे एवढं सोपं नसतं हो.

देवळाली कॅम्प

@लाल माती, वस्ताद, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही. पटलं.

निफाडचा शेतकरी

बॉक्सिंगमधलं फार कळत नाही, पोरगा मोबाइलवर बघतो तेव्हा शेजारी बसतो. पण काट्याबद्दल बोलायचा अधिकार आहे मला, तीस वर्षं कांदा विकतोय.

कांदा माझा. गोण्या मी मोजलेल्या. पण भुईकाटा ज्याचा, आकडा त्याचा. एका वर्षी संशय आला म्हणून भरलेला ट्रॅक्टर आधी रस्त्यातल्या दुसऱ्या काट्यावर घातला, मग जिथे द्यायचा तिथे. साठ किलोचा फरक. बोललो तर म्हणाले, पटत नसेल तर घेऊन जा. कांदा ट्रॉलीत, भाव पडायला लागलेला, घरी डिझेल जाळून परत कुठे नेऊ? दिला.

मामांनी विचारलंय ना अन्याय कुठे आहे ते. मला वाटतं, किलो-दोन किलोत तो नाहीच. काटा कुणाच्या हातात आहे आणि समोरच्याला माल परत न्यायची सोय आहे का, ह्यात तो आहे.

सातपूरकर (धागाकर्ता)

@निफाडचा शेतकरी, दादा, मी महिनाभर जे शोधत होतो ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

ह्या मापाने परत सगळ्या लढती बघितल्या. किताब पणाला नाही, दोन माणसं दोन शेजारच्या गटांतली, दोघंही थोडे-थोडे हलले आणि मधे भेटले, तर त्या कॅचवेटमध्ये मला काही वावगं दिसत नाही. वस्तादांची तोलामोलाची जोडच ती, फक्त आकड्यात लिहिलेली. पण गटाचा किताब पणाला लावायचा आणि गटाची मर्यादा मात्र पाळायची नाही, हे मला मान्य होत नाही. १९८८ ला शुगर रे लिओनार्ड आणि डॉनी लालोंड लढले. लालोंड १७५ चा विजेता. त्याला १६८ ला आणलं आणि एकाच रात्री १७५ चा आणि नव्याने काढलेला १६८ चा असे दोन किताब एकत्र ठेवले. लिओनार्ड जिंकला, दोन्ही घेऊन गेला. १७५ चा किताब जिंकलेल्या त्या लढतीत १६८ च्या वर वजनाचा माणूसच नव्हता!

पॅकियाओ माझा अतिशय लाडका. गरिबीतून आलेला, लहानपणी वजन कमी पडायचं म्हणून खिशात जड वस्तू घालून काट्यावर उभा राहिलेला मुलगा. तरी २०१० चं मार्गारिटोविरुद्धचं यश मला पूर्ण पचत नाही. किताब १५४ चा, करार १५० चा, आणि पॅकियाओ काट्यावर १४४.६. वेल्टरवेटच्याही खाली. आठ गटांत विजेता हा त्याचा विक्रम त्या रात्री पूर्ण झाला.

पहाटेचा प्रेक्षक

मामा, मुद्दा बरोबर, पण त्याच लढतीचा दुसरा आकडाही टाका. रिंगमध्ये उतरताना पॅकियाओ १४८ होता आणि मार्गारिटो १६५. सतरा पौंड! म्हणजे करारातल्या १५० चा अर्थ दुसऱ्या दिवशी उरलाच नव्हता. पॅकियाओने तरीही त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, हा त्याचा मोठेपणा.

मेवेदर-कॅनेलोलाही तेच. करार १५२. लढतीच्या रात्री मेवेदर १५०, कॅनेलो १६५. मग दोन पौंडांवरून एवढी घासाघीस कशासाठी झाली?

पंचवटी फिजिओ

इथे मी लिहायला हवं, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. पूर्वी लढतीच्या दिवशी सकाळी व्हायचं. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना किम दुक-कू ह्या कोरियन बॉक्सरचा मृत्यू झाला. त्यानंतर पंधरा राउंडांचे बारा झाले आणि त्याच दशकात वजनही आदल्या दिवशी घ्यायला लागले. हेतू चांगला होता. सुकलेल्या माणसाला खाऊन-पिऊन उभं राहायला वेळ मिळावा. पण वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी जास्त वजन उतरवायला लागले.

उतरतं ते मुख्यतः पाणी. आधी पिष्टमय खाणं बंद करतात. स्नायूंत साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. मग मीठ बंद, मग गरम पाण्याचा टब, सॉना, रेनकोट. रक्त घट्ट होतं, हृदयाला जोर लावावा लागतो, घाम यायचा थांबला की शरीराचं तापमान चढतं. काट्यावरून उतरल्यावर पाणी प्यायलं की वजन परत येतं, पण शरीर तेवढ्यात सावरत नाही. मेंदू कवटीत पाण्याच्या उशीवर असतो असं समजा. ती उशी पुरेशी भरली नसताना डोक्यावर ठोसे घ्यायचे, ही आम्हा लोकांची खरी भीती.

दुसरा धोका समोरच्याला. फेब्रुवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला आर्तुरो गाटी आणि जोई गमाश लढले. करार १४१ पौंडांचा. लढतीच्या रात्री गाटी १६० च्या घरात, गमाश १४५ च्या आसपास. दुसऱ्या राउंडमध्ये गमाश बेशुद्ध पडला. मेंदूला इजा झाली, पुन्हा लढला नाही. कागदावर ती बरोबरीची जोड होती.

ह्यावर उपाय आहेत. आयबीएफ ह्या संघटनेने किताबी लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घ्यायचा नियम आणला, मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त नको असा. डब्ल्यूबीसी महिनाभर आधीपासून मधूनमधून वजनं मागवते. बॉक्सिंगबाहेर, वन चॅम्पियनशिप ह्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या संघटनेत २०१५ ला वजन उतरवताना यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर त्यांनी पाणी तोडून वजन उतरवण्यावरच बंदी घातली, आता लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे का ते बघतात. मला विचाराल तर सगळीकडे हेच हवं.

मामा, भाचीला भेटायला घेऊन या. पैशाचं काही नाही.

उपनगरची आई

वाचतेय सगळं. फिजिओ ताई, सकाळी पुन्हा वजन घेतात त्यानेही माणूस सुकलेलाच राहत नाही का? रात्रभर मोजून पाणी प्यायचं म्हणजे.

पंचवटी फिजिओ

अगदी बरोबर धरलंत, ताई. नियम चांगला असतो, वापर वाईट होऊ शकतो. २०२३ मध्ये जर्वोंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया १३६ ला लढले आणि दुसऱ्या सकाळी १४६ च्या वर जायचं नाही अशी अट करारात होती. उंच, मोठ्या हाडाचा गार्सिया धड भरूनही आला नाही. सातव्या राउंडला पोटात ठोसा बसला आणि गुडघ्यावर गेला. संघटनेचा नियम सगळ्यांना सारखा लागू असतो. एकट्यादुकट्या करारातली अट मात्र मोठ्या माणसाला बांधून ठेवायची दोरी होते. म्हणून मी लघवीच्या तपासणीच्या बाजूने आहे. तिथे सुकलेला माणूस काट्यापर्यंत पोचतच नाही, त्याला त्याच्या खऱ्या गटात जावंच लागतं.

पहाटेचा प्रेक्षक

पैशाचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो, कारण सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच येते.

२००९ मध्ये मेवेदर आणि मार्केझचा करार १४४ चा. मेवेदर आला १४६ ला. पौंडाला तीन लाख डॉलर दंड, सहा लाख डॉलर दिले आणि लढला. मार्केझ १३५ चा माणूस! २०२४ मध्ये रायन गार्सिया १४० च्या लढतीला ३.२ पौंड जास्त भरला. पैसे देऊन लढला आणि डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडलं. पुढे उत्तेजक चाचणीत सापडला आणि निकाल रद्द झाला, पण हेनीने खाल्लेले ठोसे कोण परत घेणार?

आणि एप्रिल २०२५ मध्ये लंडनला ख्रिस युबँक ज्युनिअर काट्यावर ०.०५ पौंड जास्त भरला. ग्रॅममध्ये सांगायचं तर तेवीस ग्रॅमसुद्धा नाही. दंड पावणेचार लाख पौंड, तो भरला आणि लढत झाली. सुकून-सुकून बारा राउंड लढला, जिंकला आणि रात्री हॉस्पिटलात गेला.

आता आपली विनेश. पॅरिस, ऑगस्ट २०२४. ५० किलोचा गट, पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत. दुसऱ्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त. रात्रभर सायकल, सॉना, केस कापले. आदल्या दिवशी मिळवलेलंही सगळं गेलं, क्रमवारीत शेवटची. एका खेळात ग्रॅमला किंमत ठरवून ती भरता येते आणि दुसऱ्यात शंभर ग्रॅमला आख्खं पदक.

लाल माती

विनेशच्या दिवशी आमच्या तालमीत कुणी मेहनत केली नाही. सगळे नुसते बसून होतो.

पण बॉक्सिंगवाल्यांनो, मेरी कोमला विसरू नका. ती ४८ ची. लंडन २०१२ ला बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा गटच तीन होते, ५१, ६० आणि ७५. तिला जागाच नव्हती, म्हणून ५१ ला चढली, आपल्याहून उंच पोरींशी लढली आणि कांस्य आणलं. ह्याला कुणी कॅचवेट म्हणत नाही, पण जबरदस्ती तीच. काटा आयोजकांच्या हातात. पन्नास किलोच्या माणसाला तीन किलो म्हणजे केवढं असतं, हे शंभर किलोवाल्याला कळत नाही.

उपनगरची आई

माझा मुलगा तेराचा, ह्याच वर्षी लावलाय. त्याच्या क्लासमध्ये एकजण सांगत होता, "दोन किलो पाड, खालच्या गटात सोपं जातं." काल रात्री त्याने भात घेतला नाही. मी आधी नखरे समजून ओरडले. आज हा धागा वाचला आणि त्याला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. ह्या वयात मी नक्की काय करू?

पंचवटी फिजिओ

ताई, वाढत्या वयात वजन उतरवायचं नाही. एवढं ठामपणे सांगते. त्याची उंची वाढतेय, वर्षात दोन गट वर जाईल, जाऊ दे. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, पाणी पिऊन वजन करा आणि वहीत लिहा. जे येईल त्याच्या वरचा गट त्याचा. सर "पाड" म्हणाले तर तुम्ही स्वतः जाऊन "नाही" म्हणा, पोराला म्हणायला लावू नका. त्याची "नाही" म्हणायची ताकद अजून तेवढी नसते.

लाल माती

ताई, हेच वस्तादाचं काम असायचं. नाही म्हणणं.

देवळाली कॅम्प

मी मघाशी प्रौढ माणसं, वकील वगैरे लिहिलं होतं. मुलांचा विचारच केला नव्हता. मोठ्यांच्या लढतींत जे चालतं ते बघून ही पोरं शिकतात, हे लक्षात आलं नव्हतं माझ्या. कॅचवेट पूर्ण बंद करा असं अजूनही म्हणणार नाही. किताब पणाला असेल तर गटाच्या मर्यादेलाच लढा, आणि वजन चुकलं तर पैसे देऊन सुटायची सोय काढून टाका. समोरच्याला ठरल्या मानधनासकट लढत नाकारता आली पाहिजे. शेतकरी दादांच्या भाषेत, ट्रॉली परत न्यायचा खर्च काटेवाल्याने द्यावा.

निफाडचा शेतकरी

हे आमच्याकडेही करा कुणीतरी.

सातपूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओ ताई, गुरुवारी भाचीला घेऊन आलो होतो, तुम्ही दीड तास दिलात.

काल शिफ्ट सुटल्यावर तिच्या सरांना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, पण आवाज चढला माझा. ते म्हणाले, ५० ला जिल्ह्यात दोन चांगल्या मुली आहेत, तिथे पदक अवघड. मी म्हटलं, अवघड असू दे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांचंही असंच केलं होतं, एकोणिसाव्या वर्षी, आणि एकदा गाडीतच चक्कर येऊन पडले होते. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज ५२ चा भरलाय, ५० चा नाही, कारण फिजिओ ताईंकडच्या काट्यावर नाश्ता करून, पाणी पिऊन ती ५०.६ भरली. भाची थोडी रुसली आहे, तिला ५२ च्या मुली मोठ्या वाटतात. आज सकाळी पार्किंगमध्ये उड्या मारत होती तेव्हा मी वरून बघितलं. साधा टी-शर्ट होता अंगात, आणि पायरीवर पाण्याची बाटली. मधेच थांबून प्यायली.

उपनगरची आई

मामा, स्पर्धा कुठे आणि कधी आहे ते इथे टाका. मुलाला घेऊन बघायला येते.